पनवेल-उरणचा सीएफएस पट्टा : सेवा कुणासाठी, लाभ कुणाला?

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालेल्या रस्त्यावर, गाढी नदीच्या खोऱ्यात नेरे हे गाव आहे. बाहेरच्यांना ते शांतिवन संस्थेमुळे माहीत असते. न्हावा शेवा बंदर इथून तीस-पस्तीस किलोमीटरवर. तालुक्याच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला पळस्पे, अजिवली, सोमाटणे, साई या बाजूंनी कंटेनरची आवारे पसरली, तेव्हा नेरे त्या पट्ट्याबाहेर राहिले. आता मात्र हा परिसर सिडकोच्या 'नैना' (नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित) क्षेत्रात आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग माथेरानच्या डोंगराखालच्या बोगद्यातून याच तालुक्यातल्या मोर्बे इथे उतरतो आणि विरार-अलिबाग मार्गिकेचे भूसंपादनही तालुक्यात सुरू आहे. त्यामुळे पश्चिमेकडच्या गावांनी तीस वर्षांपूर्वी विचारलेले प्रश्न आज पूर्वेकडच्या गावांपुढे आहेत. आपल्या जमिनीवर मालाची आवारे आली तर त्यातून कुणाचे भले होते? माल पाठवणाऱ्याचे, आवार चालवणाऱ्याचे, जहाज कंपनीचे, की गावाचे?

या वादात आजवर मांडल्या गेलेल्या भूमिका आणि त्यांतले न सुटलेले मुद्दे एकत्र ठेवण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

कंटेनरचे युग २६ एप्रिल १९५६ रोजी सुरू झाले असे मानतात. त्या दिवशी 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. भारतात कंटेनर वाहतूक १९७० च्या दशकात आली. माल पेटीत बंद झाला आणि बंदराचे कामच बदलले. पूर्वी गोणी, खोकी, पिंपे धक्क्यावर मोजली जात, तपासली जात आणि तिथल्याच गोदामात ठेवली जात. पेटी आल्यावर ही मोजणी-तपासणी धक्क्यावरच उरकण्याचे कारण उरले नाही. ती बंदरापासून दूर, स्वस्त आणि मोकळ्या जागेत नेणे शक्य झाले.

भारतात यातून दोन प्रकारच्या सोयी उभ्या राहिल्या. इनलँड कंटेनर डेपो, म्हणजे आयसीडी, हे बंदरापासून शेकडो किलोमीटर आत असलेले, स्वतःचे सीमाशुल्क कार्यालय असलेले ठाणे. देशातला पहिला आयसीडी १९८१ मध्ये बंगळूरला सुरू झाला. रेल्वेच्या सात आयसीडींचा कारभार नोव्हेंबर १९८९ पासून 'कॉन्कॉर' या सरकारी कंपनीकडे आला. महाराष्ट्रात नागपूर, मुलुंड, चिंचवड, भुसावळ ही नावे या यादीत येतात. दुसरा प्रकार कंटेनर फ्रेट स्टेशनचा, ज्याला धंद्यातले सगळे 'सीएफएस' म्हणतात. सीएफएस हे कायद्याच्या नजरेत बंदराचेच वाढवलेले आवार. पेटी बंदरातून निघून तिथे येते आणि तपासणी, शुल्कभरणा, माल काढणे किंवा भरणे या गोष्टी तिथे होतात. सीमाशुल्क अधिनियम १९६२ नुसार आवारचालक हा त्या मालाचा ताबेदार असतो. त्याच्या जबाबदाऱ्या २००९ च्या नियमावलीत ठरवून दिल्या आहेत.

मुंबई बंदरातली कोंडी कमी करण्यासाठी न्हावा शेवाला बांधलेले जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. १९९९ मध्ये इथे देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल चालू झाले, २००६ मध्ये आणखी एक आले, २०१८ मध्ये भारत मुंबई कंटेनर टर्मिनल्सचा पहिला टप्पा आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला. बंदराने २०२४-२५ मध्ये वीस फुटी पेट्यांच्या मापात ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले.

या वाढीच्या मागोमाग द्रोणागिरी, कोप्रोली, कळंबोली, पळस्पे, अजिवली, सोमाटणे इथे आवारे उभी राहिली. आज बंदराशी जोडलेल्या सीएफएसची संख्या तीसच्या वर आहे. त्यांत केंद्रीय वखार महामंडळासारख्या सार्वजनिक संस्था आहेत, गेटवे डिस्ट्रिपार्क्स, ऑलकार्गो, नवकार यांसारख्या खासगी कंपन्या आहेत, तसेच जहाज कंपन्यांच्या आणि टर्मिनल चालवणाऱ्या समूहांच्या भगिनी कंपन्याही आहेत. अजिवली-सोमाटणेची आवारे चालवणारी नवकार कंपनी २०२४ मध्ये जेएसडब्ल्यू समूहाने घेतली. पनवेलच्या साई गावात अर्शिया कंपनीने देशातला पहिला मुक्त व्यापार गोदाम विभाग उभारला.

आवारात काय चालते आणि पैसा कुठे लागतो

लाभाचा हिशेब मांडण्याआधी सेवा कोणत्या ते पाहायला हवे. आयातीची पेटी जहाजातून उतरली की ट्रेलरवरून सीएफएसला येते. दस्तऐवज संगणकावर दाखल होतात. सीमाशुल्क विभागाची जोखीम-व्यवस्था ठरवते, की पेटी न उघडता सोडायची, स्कॅनरखालून न्यायची, की सील तोडून माल तपासायचा. शुल्क भरून 'आउट ऑफ चार्ज' मिळाले, जहाज कंपनीची डिलिव्हरी ऑर्डर आली आणि आवाराचे बिल चुकते झाले, की गेट पास निघतो. निर्यातीत हाच प्रवास उलटा होतो. लहान निर्यातदार सुटा माल टेम्पो-ट्रकने आवारात आणतो. याला धंद्यात 'कार्टिंग' म्हणतात. तिथे अनेकांचा माल एका पेटीत भरला जातो. याशिवाय रिकाम्या पेट्या ठेवणे, दुरुस्त करणे, शीतपेट्यांना वीज देणे, धोकादायक माल वेगळा ठेवणे आणि बेवारस मालाचा लिलाव करणे हीसुद्धा आवाराचीच कामे. कायद्यानुसार ३० दिवसांत न सोडवलेला माल सीमाशुल्क विभागाच्या परवानगीने विकता येतो.

या सगळ्यात तीन घड्याळे एकाच वेळी चालतात. टर्मिनलचे मोफत दिवस संपले की तिथले भाडे सुरू होते. सीएफएसचे मोफत दिवस संपले की ग्राउंड रेंट लागते. आणि रिकामी पेटी वेळेत परत गेली नाही की जहाज कंपनी डिटेन्शन लावते. माल एकच असतो, पण उशिराचे पैसे तिघे मागू शकतात. 'लाभ कुणाचा' हा वाद बहुतेक वेळा या तीन घड्याळांभोवतीच फिरतो.

आवारचालकांची बाजू

आवारचालकांचे पहिले म्हणणे असे की सीएफएस नसते तर बंदर केव्हाच तुंबले असते. धक्क्यामागची जागा मर्यादित आहे. पेट्या तिथेच राहिल्या तर जहाजांना ताटकळावे लागते आणि त्या उशिराचा खर्च अखेरीस मालावरच चढतो. बंदराचा वेग राखण्याची किंमत आम्ही जमीन, क्रेन, रीच स्टॅकर आणि गोदामे यांत गुंतवली आहे.

दुसरे म्हणणे जबाबदारीचे. माल हरवला, चोरीला गेला किंवा जळाला तर ताबेदार म्हणून आवारचालकाला उत्तर द्यावे लागते. बेवारस आणि न्यायप्रविष्ट पेट्या वर्षानुवर्षे जागा अडवून बसतात. त्यांच्या लिलावातून भाडे वसूल होईलच असे नसते. ऑगस्ट २०२० मध्ये बैरूतच्या बंदरात साठवलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, त्यानंतर भारतातही बंदरे आणि आवारांमधल्या धोकादायक साठ्याची तातडीने झडती घेण्यात आली. असा साठा सांभाळण्याची जोखीम कुणीतरी पत्करलेली असते, हे त्या निमित्ताने पुढे आले.

तिसरा मुद्दा धोरणातल्या बदलाचा. सरकारनेच परवाने देऊन गुंतवणूक करवून घेतली आणि नंतर थेट बंदरातून माल नेण्याची योजना वाढवून धंद्याचा पाया काढून घेतला, अशी या व्यवसायाची तक्रार आहे.

आयातदार-निर्यातदारांची बाजू

थेट बंदरातून माल नेण्याची ही योजना म्हणजे डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी, 'डीपीडी'. न्हावा शेवाला ती पूर्वी मोजक्या मोठ्या आयातदारांपुरती होती. २०१६-१७ पासून ती झपाट्याने वाढवण्यात आली आणि काही वर्षांतच आयातीच्या पेट्यांतला चाळीस टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा या मार्गाने जाऊ लागला. यात आयातदार जहाज लागण्यापूर्वीच कागदपत्रे भरतो आणि पेटी उतरल्यावर ४८ तासांत थेट कारखान्याकडे नेतो. निर्यातीतही कारखान्यात भरून सीलबंद केलेली पेटी सीएफएसमध्ये न थांबता बंदरात जाऊ शकते. बंदराने ट्रेलरांसाठी केंद्रीय पार्किंग उभारले. जुलै २०१६ पासून आरएफआयडी टॅगमुळे पेटीचा माग काढता येऊ लागला.

व्यापाऱ्यांच्या मते डीपीडीने एक गोष्ट उघड केली. तपासणी न लागणाऱ्या मालासाठी सीएफएसचा थांबा हा सेवेपेक्षा सवयीचा भाग होता. मधला एक थांबा गेल्याने एक वाहतूक, दोनदा चढउतार आणि काही दिवसांचे भाडे वाचते.

दुसरी तक्रार निवडीची. पेटी कोणत्या सीएफएसला न्यायची हे अनेकदा आयातदार ठरवत नाही, जहाज कंपनी ठरवते. टीकाकारांचा आरोप असा की आवारे जहाज कंपन्यांना पेट्यांच्या संख्येनुसार सवलत देतात आणि ती भरपाई आयातदाराच्या बिलातून काढली जाते. जो बिल भरतो तो दुकान निवडत नाही, असा हा पेच. आवारांचे दर कोणतीही नियामक संस्था ठरवत नाही. प्रमुख बंदरांच्या दरांसाठी १९९७ मध्ये प्रशुल्क प्राधिकरण नेमले गेले होते, पण सीएफएस त्याच्या कक्षेत नव्हते. २०२१ च्या महापत्तन प्राधिकरण अधिनियमाने तर त्या प्राधिकरणाची भूमिकाच संपवली.

तिसरी तक्रार न्यायाची. सीमाशुल्क विभागाने माल अडवला आणि अखेरीस आयातदार निर्दोष ठरला, तर मधल्या काळाचे भाडे कुणी द्यायचे? १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण विरुद्ध ग्रँड स्लॅम इंटरनॅशनल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की आयातदाराचा दोष नसला तरी ताबेदार संस्थेला भाडे मागता येते. पुढे २००९ च्या नियमावलीत विभागाने अडवलेल्या किंवा जप्त केलेल्या मालावर ताबेदाराने भाडे लावू नये अशी अट आली. २०१८ च्या जहाज-माल नियमावलीत जहाज कंपन्यांवरही तशाच स्वरूपाचे बंधन आले. मात्र ही बंधने इतर कायद्यांच्या अधीन आहेत. त्यामुळे दर वेळी कोणता नियम वरचढ, यावर वाद होतो. २०२० च्या टाळेबंदीत सरकारने भाडे आणि डिटेन्शन न लावण्याच्या सूचना काढल्या, तेव्हाही हाच वाद नव्याने पेटला.

शेतमालाच्या बाबतीत उशीर म्हणजे थेट नासाडी. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्यावर निर्यातबंदी आली, तेव्हा बंदराकडे निघालेला कांदा कंटेनरमध्येच अडकला. बंदी घालण्यात आवारांचा हात नव्हता, पण माल जिथे थांबतो तिथेच खर्च चढतो. नाशिकची द्राक्षे शीतपेट्यांतून युरोपला जातात तेव्हा वीजजोडणी, तपासणीची जागा आणि जहाजाची वेळ यांचा मेळ बसणे हीच शेतकऱ्याच्या दृष्टीने लॉजिस्टिक सेवा. तो मेळ जिथे बसतो तिथे बागायतदाराला खरा लाभ होतो.

लहान आणि मोठा

या वादात एक फरक अनेकदा निसटतो. डीपीडीचा लाभ पूर्ण पेटी भरणाऱ्या, आगाऊ शुल्क भरू शकणाऱ्या, स्वतःचे गोदाम आणि वाहतूकदार असलेल्या आयातदाराला सहज घेता येतो. ज्याचा माल पेटीच्या एका कोपऱ्यात असतो त्या लहान व्यापाऱ्याची पेटी कुठेतरी उघडावीच लागते, म्हणजे सीएफएस त्याला टळत नाही. मोठे ग्राहक निघून गेल्यावर आवाराचा स्थिर खर्च उरलेल्यांवर विभागला जाणार, असे आवारचालक म्हणतात. तसे झाले तर सुधारणेचा लाभ मोठ्यांना आणि भार लहानांना, असे चित्र उभे राहते. याउलट, सुधारणेच्या समर्थकांचे म्हणणे असे की पेट्या कमी झाल्यामुळे आवारांत स्पर्धा वाढेल आणि दर उतरतील. दोन्ही तर्क आपापल्या जागी सुसंगत आहेत. निकाल लावायचा तर आवारांच्या प्रत्यक्ष बिलांचा, एकसारख्या शीर्षकांखाली जाहीर होणारा तपशील लागेल, आणि तशी सक्ती आज नाही.

गाव, कामगार आणि गाडीमालक

या परिसरात जमिनीचा प्रश्न बंदरापेक्षा जुना आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेण्याचे ठरले. अपुऱ्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना तसे भूखंड देण्याचा प्रश्न मात्र कित्येक दशके रेंगाळला. ऑगस्ट २०१४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते इरादापत्रे वाटण्यात आली, म्हणजे बंदर सुरू होऊन पंचवीस वर्षे झाल्यावर.

सीएफएस पट्ट्यातल्या व्यवहाराचे स्वरूप थोडे वेगळे होते. अनेक ठिकाणी जमीन सरकारी संपादनाने न जाता खासगी खरेदीने किंवा भाडेपट्ट्याने गेली. ज्यांच्याकडे रस्त्यालगत जमीन होती त्यांना चांगली किंमत किंवा यार्डाचे भाडे मिळाले. काहींनी ट्रेलर घेतले, काहींनी माल चढउताराचे, पाण्याच्या टँकरचे, सुरक्षा रक्षकांचे ठेके मिळवले. आगरी-कोळी गावांतून गाडीमालकांचा आणि ठेकेदारांचा एक नवा वर्ग तयार झाला, हे नाकारता येणार नाही. ज्यांची जमीन आत होती, खारेपाटात होती, किंवा जे कुळ-मजूर होते, त्यांच्या वाट्याला यातले फारसे आले नाही.

रोजगारावर दोन मते आहेत. व्यवसायाचे म्हणणे की एका आवाराभोवती सर्वेअर, ऑपरेटर, चालक, खलाशी, कस्टम एजंटचे कर्मचारी, गॅरेजवाले, खाणावळीवाले अशी साखळी जगते. स्थानिक संघटनांचे म्हणणे की यातली पक्की नोकरी थोडी, ठेक्याची जास्त आणि कौशल्याची कामे बाहेरच्यांकडे. राज्याचे धोरण ८० टक्के स्थानिकांना रोजगार देण्याचे आहे, पण त्यात पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहिलेला माणूस स्थानिक ठरतो, तर गावकऱ्यांची मागणी प्रकल्पग्रस्त कुटुंबांपुरती असते. नियम पाळूनही तक्रार उरते ती यामुळे. माथाडी कामगारांसाठी १९६९ चा कायदा आहे. पेटीच्या आत माल रचणे-काढणे हे काम त्या कायद्याखाली नोंदलेल्या टोळ्यांकडून करून घ्यायचे की ठेकेदाराकडून, यावरून संघटना आणि आवारे यांच्यात तंटे होतात. यंत्रे वाढली की दर पेटीमागे लागणारे हात कमी होतात, आणि डीपीडीत तर पेटी आवारात उघडलीच जात नाही. म्हणजे आयातदाराची जी बचत, तीच काही प्रमाणात हमालाची गेलेली मजुरी.

ग्रामपंचायतींना आवारांकडून मालमत्ता कर मिळतो. काही पंचायतींची आमदनी त्यामुळे पूर्वीच्या कित्येक पट झाली. मात्र जड वाहनांनी उखडलेल्या अंतर्गत रस्त्यांचा, गटारांचा आणि कचऱ्याचा खर्चही त्यांच्याच माथी येतो. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाल्यावर तालुक्याचा एक भाग शहरी कररचनेत गेला, दुसरा ग्रामपंचायतीत राहिला. एकाच व्यवसायाला शेजारी-शेजारी दोन कररचना लागू झाल्या.

रस्ता, पाणी, खाडी

आवारे बंदराबाहेर आल्याने धक्क्यावरची कोंडी रस्त्यावर आली, असा आक्षेप पनवेलकर पूर्वीपासून घेतात. त्याला सरकारी दस्तऐवजांतूनच दुजोरा मिळतो. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पागोटे ते चौक या सुमारे २९ किलोमीटरच्या सहापदरी मार्गाला ४,५०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हा दिलेले कारण असे : पळस्पे फाटा, डी पॉइंट, कळंबोली जंक्शन आणि पनवेल इथल्या गर्दीमुळे बंदरातून निघालेल्या वाहनाला राष्ट्रीय महामार्ग आणि द्रुतगती मार्ग गाठायला दोन ते तीन तास लागतात. या तासांचे डिझेल गाडीमालकाचे, उशीर माल पाठवणाऱ्याचा आणि धूर-अपघातांचा धोका रस्त्यालगतच्या वस्त्यांचा. कोणत्याही आवाराच्या बिलात ही रक्कम दिसत नाही.

उतारा म्हणून रेल्वेकडे बोट दाखवले जाते. पण न्हावा शेवाच्या एकूण पेट्यांत रेल्वेचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी राहिला आहे. दादरी ते न्हावा शेवा या सुमारे १,५०० किलोमीटरच्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गिकेत सर्वांत मागे राहिला तो वैतरणा ते बंदर हाच टप्पा. शिवाय मार्गिका उत्तर भारताच्या आयसीडींना जितकी उपयोगी, तितकी पन्नास किलोमीटरच्या आतल्या सीएफएसला नाही. तिथली वाहतूक ट्रेलरचीच राहणार.

पर्यावरणाचा हिशेबही बाकी आहे. उरण-पनवेलच्या सखल जमिनीवर भराव घालून यार्ड उभारल्याने पावसाचे पाणी गावांत शिरते, ही तक्रार अनेक गावांची आहे. बंदराच्या विस्ताराने मासेमारी गेल्याबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध अपील झाले. हा आदेश बंदर आणि इतर मोठ्या प्रकल्पांविषयी होता, सीएफएसविषयी नव्हे. तरी, गमावलेल्या उपजीविकेची किंमत पैशांत मोजता येते, हे त्यातून मान्य झाले.

अभ्यासक काय म्हणतात

बंदर-भूगोलाच्या अभ्यासात थिओ नॉटेबूम आणि जाँ-पॉल रॉड्रिग यांनी २००५ मध्ये मांडणी केली, की आजचे बंदर धक्क्यापुरते उरत नाही, त्याचे कामकाज आसपासच्या प्रदेशात पसरते. पनवेल तालुका हे त्याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. व्हायोलेटा रोसो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आतल्या ठाण्यांचे जवळचे, मध्यम अंतरावरचे आणि दूरचे असे तीन प्रकार केले. दूरच्या ठाण्याचा मुख्य लाभ रेल्वे वाहतुकीत आणि त्या प्रदेशातल्या उद्योगांना मिळतो. जवळच्या ठाण्याचा मुख्य लाभ बंदराला मिळतो, कारण त्याची जागा मोकळी होते. ही विभागणी इथे लावली तर जालना आणि वर्ध्याजवळचे सिंदी इथले ड्राय पोर्ट मराठवाडा-विदर्भाच्या उत्पादकांसाठी आहेत, तर पनवेलचे सीएफएस प्रामुख्याने बंदरासाठी. जालन्याची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली आणि काम लांबत गेले. त्या लांबणीची किंमत त्या भागातल्या कारखानदारांनी मोजली.

देशपातळीवरची आकडेवारी सुधारणा दाखवते. जागतिक बँकेच्या लॉजिस्टिक्स निर्देशांकात भारत २०१८ मध्ये ४४ वा होता, २०२३ मध्ये १३९ देशांत ३८ वा आला. लॉजिस्टिकचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३-१४ टक्के आहे असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. एनसीएईआर या संशोधन संस्थेच्या अभ्यासाने २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्क्यांच्या दरम्यान काढला. मात्र हे आकडे खर्च किती ते सांगतात, तो कुणाच्या खिशातून गेला ते सांगत नाहीत. लाभाच्या वाटपावर, तेही तालुका पातळीवर, अभ्यास फार थोडा आहे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न दरांचा. सीएफएसचे दर बाजारावर सोडायचे, की बिल भरणाऱ्याला आवार निवडता येत नाही तिथे तरी मर्यादा घालायची? नियमनाचे समर्थक निवडीच्या अभावाकडे बोट दाखवतात. विरोधक म्हणतात, तीसहून अधिक आवारे असताना नियमन नको, आयातदाराला निवडीचा हक्क द्या म्हणजे पुरे.

दुसरा, भविष्यातल्या गरजेचा. डीपीडी वाढत असताना आणखी आवारांची गरज आहे का? राज्याच्या २०२४ च्या लॉजिस्टिक धोरणाने या क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला आणि नवी मुंबई-पुणे पट्ट्यात आंतरराष्ट्रीय मेगा हब योजले. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, त्यामुळे हवाई मालाची गोदामे येतील. त्याच वेळी पालघर जिल्ह्यातले ७६ हजार कोटींचे वाढवण बंदर पुढच्या काळात न्हावा शेवाचा काही माल ओढेल. पनवेलला तेव्हा तपासणीची आवारे लागतील, की वितरणाची गोदामे? दोन्हींचा रोजगार आणि रस्त्यावरचा भार वेगळा असतो.

तिसरा, नैना क्षेत्राचा. इथल्या नगररचना योजनेत मूळ मालकाला ४० टक्के विकसित जमीन परत मिळते. शेतकऱ्यांच्या एका गटाला हे संपादनापेक्षा बरे वाटते, दुसऱ्या गटाचा विकास शुल्काला आणि विलंबाला विरोध आहे. योजनेत लॉजिस्टिकसाठी जागा ठेवताना ट्रेलर पार्किंग, वेगळे रस्ते आणि नाले आधी होणार की नंतर, याचे बंधनकारक उत्तर गावांना मिळालेले नाही.

चौथा, हिशेबाचा. आवारांचे दर, सवलती, स्थानिक कामगारांची संख्या आणि ग्रामपंचायतीला दिलेला कर हे एका ठिकाणी, दरवर्षी जाहीर होत नाही. तोपर्यंत प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा आकडा मांडत राहणार.

निष्कर्ष

आजवरच्या चर्चेतून एक गोष्ट बऱ्यापैकी स्पष्ट होते. सेवा सगळ्यांना मिळते, पण ज्याला निवड करता येते त्याचा लाभ होतो. जहाज कंपनी आवार निवडते, मोठा आयातदार आवार टाळू शकतो, रस्त्यालगतचा जमीनमालक भाडेकरू निवडतो. लहान व्यापारी, पेटीत माल रचणारा हमाल आणि महामार्गाकाठचा रहिवासी यांच्यापुढे तेवढे पर्याय नसतात, म्हणून उशिराचा खर्च त्यांच्याकडे सरकतो. सीएफएस हवे की नको, यापेक्षा हा खर्च कुणी उचलायचा याची चर्चा झाली तर ती अधिक उपयोगी ठरेल.

नेरे आणि आसपासच्या गावांच्या हातात अजून थोडा वेळ आहे. नगररचना योजनांच्या सुनावण्यांत आणि ग्रामसभांत जमिनीच्या दराबरोबर चार गोष्टी लेखी मागाव्यात : ट्रेलरसाठी वेगळा रस्ता, भराव टाकण्याआधी नाल्यांचा आराखडा, स्थानिक नोकऱ्यांची वार्षिक यादी आणि पंचायतीच्या कराचा जाहीर हिशेब. पश्चिमेकडच्या गावांना या गोष्टी आवारे उभी राहिल्यावर मागाव्या लागल्या. पूर्वेकडच्या गावांनी त्या आधीच मागाव्यात.